ऐन थंडीत खिडक्या सताड!

अहो, ऐकलंत का त्या जुन्या न्यूयॉर्ककरांचं? बाहेर बर्फ पडतोय, तळघरात बॉयलर पेटलाय, कोळशाचे ढीग फस्त होताहेत, बिडाचे रेडिएटर हात लावू देत नाहीत, आणि खिडक्या? सताड उघड्या! पैसे मोजून रस्ता तापवायचा! बरं, वेंधळेपणा म्हणून सोडून द्यावं तर तेही नाही. सगळं ठरवून चाललेलं.

आग लावली ती लुईस लीड्स नावाच्या गृहस्थांनी. 1866-67 च्या हिवाळ्यात फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये व्याख्यानं झोडून त्यांनी लोकांना पटवलं, की बंद खोलीत आपलाच उच्छ्वास आपल्याला भोवतो. झालं! घरोघरी धसका. त्यात 1918 ची फ्लूची साथ आली, मग तर बोलायलाच नको. ताज्या हवेचा असा धोशा, की वर्षातल्या सगळ्यात गार दिवशी खिडक्या उघड्या ठेवूनही ऊब पुरेल, असे दांडगे बॉयलर बसवले जाऊ लागले.

आणि या बॉयलरांची वाफ घरात सुखाने नांदत होती म्हणता? छे! एका नळाच्या पद्धतीत वाफ ज्या वाटेने वर चढायची, तिचंच पाणी होऊन त्याच वाटेने खाली यायचं. नळाचा उतार जरा चुकला, की पाणी तुंबलं. मागून वाफेने ते ढकललं, की धडाड्! मध्यरात्री कुणी भिंतीत घण घालतंय असं वाटावं. शिवाय आतली हवा बाहेर पडताना फुसफुस, ती वेगळीच. उकडतंय म्हणून चावी अर्धी बंद केलीत तर मेलातच: पाणी आत अडकणार आणि ठोके दुप्पट. चावी एक तर पूर्ण उघडी, नाही तर पूर्ण बंद. मधलं काही मिळायचं नाही.

हौस मात्र दांडगी. 1854 मध्ये कनेटिकटच्या स्टीफन गोल्डने पत्र्याचा, गादीसारखा टाचलेला रेडिएटर काढला. 1877 मध्ये बर्डसिल हॉलीने लॉकपोर्टमध्ये रस्त्याखालून नळ नेऊन वाफ चक्क घरोघर पुरवली. जेवणघरातल्या काही रेडिएटरांच्या पोटात तर ताटं ऊन ठेवायचं कपाटसुद्धा!

मग अवतरली 'व्हेपर'वाली मंडळी. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचे ब्रूमेल त्यांतलेच. यांचा तोरा काय, तर आमची वाफ मवाळ! दाब पौंडांत नाही, औंसांत. चौरस इंचाला जेमतेम काही औंस. जायला एक नळ, यायला दुसरा. चावी थोडीशीच उघडा, रेडिएटर तेवढाच तापेल, आवाज नाही. बॉयलरवाल्यांनी दाब कमी असल्याची फुशारकी मारायची, हे काय भलतंच! पण सोय खरी होती, हे मान्य करायला हवं.

पुढे ताज्या हवेचं खूळ ओसरलं आणि खिडक्या मिटल्या. दांडगे बॉयलर मात्र तळघरात तसेच! माणसं घामाघूम. त्यावर तोड निघाली चंदेरी-सोनेरी रंगाची. धातूच्या भुकटीचा हात मारला, की रेडिएटर उष्णता कमी सोडतो. फक्त पुढच्या भाडेकरूला ते रूप आवडायला हवं. त्याने हौसेने वरून साधा पांढरा रंग चढवला, की उकाडा परत हजर, आणि खिडक्या पुन्हा उघड्या.