डुलणारे ग्रंथ

बोईसरच्या नव्या इमारतीत भिंतीवरचं पुस्तकांचं कपाट डुलू लागलं की गुन्हेगार आयता सापडतो: भूकंप. नोव्हेंबर 2018पासून डहाणू-तलासरीकडे, धुंदलवाडीच्या आसपास, धक्क्यांची मालिका सुरू झाली. तिथल्या लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या. इकडे सुतारांना मात्र त्याच धक्क्यांचा केवढा आधार! भिंत सिपोरेक्सची, कोरडा ठोकळा पाण्यात टाकला तर तरंगेल अशी. स्क्रू इंचभर, तोही प्लास्टरमध्येच अडकलेला. भोक प्लगपेक्षा ऐसपैस. आणि नाव भूगर्भाचं.

खरं तर अशा भिंतीसाठीचा लांब प्लग मिळतो. वरच्या कडेला लोखंडी अँगल लावावा, जमलं तर तो आरसीसी बीममध्येच घट्ट करावा, जड ग्रंथ खालच्या फळीवर आणावेत. इथे मालक दुखावतो. विश्वकोशाचे खंड खाली ठेवले तर पाहुण्यांना दिसणार कसे? मग खंड वरच राहतात आणि कपाट व भिंतीमधल्या फटीत स्पर्धा परीक्षेचं गाइड खोचलं जातं. तारापूरच्या अणुवीज केंद्राची इमारत 1969पासून शेजारीच उभी आहे. तिला कुणी गाइड खोचल्याचं ऐकिवात नाही.