कढीलिंबाची चार पानं

कढीलिंबाची चार पानं मागायला म्हणून गडग्याशी गेले आणि पाऊण तास तिथंच उभी राहिले. शेजारच्या वहिनी पायरीवर बसून मोबाइलवर दूरदर्शनचं काहीतरी जुनं लावून बसल्या होत्या.

"अगो, ये ये! शिकारी, जाळं नि चिमण्या. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? चित्रहारची वाट बघावी नि मध्येच हे लागावं. आमचे अण्णा म्हणायचे, लागले सरकारचे उपदेश, तेवढ्यात पाणी भरून घ्या."

"अण्णांना सांगायला हवं होतं, त्या उपदेशात आपलीच माणसं होती म्हणून. 'एक अनेक और एकता', १९७४ सालची फिल्म. केली विजया मुळ्यांनी. संगीत वसंत देसाईंचं, म्हणजे कुडाळकडचे. आणि त्यातला तो लहान मुलीचा आवाज साधना सरगमचा, ती दाभोळची!"

"म्हणजे देशाला एकी शिकवली ती कोकणानं म्हणा की."

"आणि या गडग्याच्या दीड वितीवरून तुझे नि माझे सासरे अकरा वर्षं कोर्टात!"

दोघी पोट धरून हसलो. मग गाडी 'मिले सुर'वर आली. ८८ सालच्या पंधरा ऑगस्टला ते पहिल्यांदा लागलं, तेव्हा भीमसेन जोशी दिसताच आमच्याकडे शेजारपाजारचे सगळे गोळा झाले होते. त्याची चाल बांधणारे अशोक पत्कीसुद्धा मराठीच, ही भर वहिनींनी घातली.

"आणि हो, ते एनसीसीचं गाणं?" मी म्हटलं. "खाकी गणवेशातल्या मुली, ताठ माना, कवायत..."

वहिनींनी मोबाइल बंद केला. घराकडे एकदा बघून घेतलं आणि गडग्यावर कोपरं टेकली.

"तुला म्हणून सांगते हो, कुठं बोलू नकोस. त्या गाण्यामुळे माझं लग्न झालं."

"तुमचं तर कांदेपोहे होऊन झालं ना?"

"ऐक तर. ८८ साली मी एफवायला. एनएसएसमध्ये नाव घातलं. सेवेची आवड वगैरे काही नाही. मुक्कामाचं शिबीर असतं आणि मुलगे-मुली दोन्ही असतात, एवढंच मैत्रिणीकडून कळलं होतं. पण आई सोडणार कशी? सख्ख्या मावशीकडे कधी रात्र काढू दिली नव्हती तिनं. तेवढ्यात एका संध्याकाळी टीव्हीवर ते गाणं लागलं. मी म्हटलं, आई, बघ, हेच ते!"

"अहो, पण ते एनसीसी! तुमचं एनएसएस!"

"आईला काय, दोन्हीकडे एन आहे ना! तिनं मुलींच्या रांगा बघितल्या, वेण्या बघितल्या, मध्ये कुणी दात काढत नाही हे बघितलं. म्हणाली, टीव्हीवर दाखवतायत म्हणजे चांगल्या घरच्या असणार. जा."

"आणि शिबीर?"

"घमेली गो, घमेली! बांध घालायचा होता ओढ्यावर. पहिल्याच दिवशी तळहाताला फोड. छातीवर तो बिल्ला, कोणार्कच्या रथाचं चाक. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे चोवीस तास, कधीही सेवेला तयार! दोन वर्षांत २४० तास काम भरायचं असायचं. मला तर ते पहिल्या दुपारीच भरल्यासारखे वाटले. रात्री जेवायला बसलो, तर पिठलं खारट ढोण. दोनदा मीठ घालणारा तो गाढव कोण, म्हणून चुलीकडे बघायला गेले."

"आणि?"

"आत ओटीवर पेपर वाचतायत ना, ते."

मी गडगा घट्ट धरला. "आणि कांदेपोहे?"

"ते चार वर्षांनी. दोघांनी अगदी पहिल्यांदाच बघतोय असं तोंड करून खाल्ले. आईला मरेपर्यंत पत्ता नाही. जावयाचं कौतुक करायची, 'मुलगा एनसीसीतला आहे हो' म्हणून!"

हसता हसता माझे डोळे पुसायची वेळ आली. मग वहिनी जरा थांबल्या.

"गाणी सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण मला वाटतं, त्यांचं खरं काम आमच्या आयांवर झालं. आम्ही तर निघायला एका पायावर तयारच होतो. पोरीला कुणाच्या भरवशावर पाठवायची, याचं उत्तर आईला त्या डब्यात मिळालं. आता कुणाला कुठलं उत्तर मिळतंय?"

"खरंय," मी म्हटलं. "आमचीचंच बघा ना. वेळासला जायचं म्हणते. कासवांची अंडी राखायला, चार दिवस, कुठल्याशा ग्रुपबरोबर. मी परवाच सांगितलं, राहणार कुठं, बरोबर कोण, काही माहीत नाही, जायचं नाही."

वहिनी काही बोलल्या नाहीत. वाकून कढीलिंबाची चांगली मोठी फांदी मोडू लागल्या.

"वहिनी..." माझ्या डोक्यात उजेड पडला. "तुम्हाला हे आजच कसं आठवलं?"

"काल संध्याकाळी आली होती तुझी लेक, इथंच गडग्याशी. कढीलिंब मागायला."

"काल आमच्याकडे कढीलिंब घालायचं काही केलंच नव्हतं!"

"तेच म्हणते मी," फांदी माझ्या हातात देत वहिनी म्हणाल्या. "आईवर गेलीय. चार पानांना पाऊण तास."

"म्हणजे ते पिठल्याचंही बनवूनच सांगितलंत?"

"छे गो! ते खरं. हवं तर विचार." आणि त्यांनी ओटीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, ऐकलंत का? पिठल्यात मीठ किती घालायचं हो?"

आतला पेपर पटकन वर गेला.