सरासरीला फुप्फुसं नसतात

जमिनीतून घरात झिरपणारा रेडॉन वायू फुप्फुसाच्या कॅन्सरपासून वाचवतो. पटतंय? १९९५ साली अमेरिकेतल्या १६०१ काउंट्यांचे आकडे हेच सांगत होते.

पिट्सबर्ग विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ बर्नार्ड कोहेन यांचं काम अफाट होतं. एका बाजूला काउंटीतल्या, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याएवढ्या भागातल्या, घरांमधल्या रेडॉनची सरासरी. दुसऱ्या बाजूला तिथला कॅन्सरचा मृत्युदर. जिथे रेडॉन जास्त, तिथे मृत्यू कमी.

मग युरेनियमच्या खाणीत रेडॉन श्वासात घेणारे कामगार फुप्फुसाच्या कॅन्सरने का मेले?

काउंटी श्वास घेत नाही, माणूस घेतो. गेलेला माणूस तळघरात झोपायचा की दहाव्या मजल्यावर? सिगारेटी किती ओढायचा? तीस वर्षं त्याच घरात होता की मागच्याच वर्षी बाहेरगावाहून आला होता? मृत्युदराच्या तक्त्यात यातलं काहीच नसतं. कॅन्सर झाला त्याच्याच घरात रेडॉन होता का, हेसुद्धा नाही.

कोहेन यांनी सिगारेटचा हिशेब धरला होता. पण तोही काउंटीच्या सरासरीचा! खरी मेख इथेच आहे. रेडॉन आणि सिगारेट एकत्र आले की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, तो त्याहून बराच जास्त वाढतो. म्हणून विचारायचं ते एवढंच, की रेडॉनचं घर आणि सिगारेटचं पाकीट एकाच माणसाचं होतं का? दोन सरासऱ्या शेजारी ठेवून याचं उत्तर कुठून मिळणार?

२००३ मध्ये जेरोम पुस्किन यांनी कोहेन यांचेच रेडॉनचे आकडे घेतले आणि ते इतर कॅन्सरशी ताडून पाहिले. सिगारेटशी घट्ट जोडलेले बाकीचे कॅन्सरही रेडॉनवाल्या काउंट्यांत कमी निघाले. सिगारेटशी संबंध नसलेल्या कॅन्सरमध्ये मात्र असं काही दिसलं नाही. रेडॉन कुणाला वाचवत नव्हता. त्या काउंट्यांत लोक सिगारेटच कमी ओढत होते.

घरोघरी जाऊन मोजलं तेव्हा काय निघालं?

२००५ मध्ये सॅरा डार्बी आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या १३ अभ्यासांची माहिती एकत्र केली. ७१४८ रुग्ण आणि तुलनेसाठी १४,२०८ माणसं. प्रत्येकाच्या आधीच्या घरांतला रेडॉन मोजला, प्रत्येकाच्या सिगारेटी विचारल्या. मोजमापातली अनिश्चितता धरून हिशेब केला, तर हवेच्या घनमीटरमागे १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) रेडॉन वाढला की धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. उत्तर थेट उलटं!

आणि सरासरीवरून माणसाबद्दल बोलण्याचा हा सापळा काही नवा नाही. विल्यम रॉबिन्सन यांनी तो १९५० मध्येच दाखवला होता. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त, त्या राज्यांत निरक्षरता कमी दिसत होती. माणसं एकेक करून मोजली, तर परदेशात जन्मलेल्यांतच निरक्षर जास्त. ते साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे जिल्हावार तक्ते आहेत. उत्तम आहेत, सहज मिळतात. कुठे शोध घ्यायचा ते त्यांतून कळतं. कुणाला कशामुळे काय झालं, ते कळत नाही. चौकातल्या हवामापन यंत्राचंही तेच. एकच आकडा दिवसभर सिग्नलवर उभ्या हवालदाराच्या नावावर, काचा लावून बसलेल्या कारकुनाच्या नावावर आणि चुलीशी धूर खाणाऱ्या बाईच्याही नावावर लावायचा? तिघांनी ओढलेली हवा एक आहे का?

सरासरी स्वस्तात मिळते, माणूस मोजायला पैसा आणि वर्षं लागतात. म्हणून सरासरीवर भागवायचं आणि वर लोकांना धोका नाही असं सांगून मोकळं व्हायचं, हे चालणार नाही.

वाचकहो, ‘अमुक भागात हे जास्त, म्हणून तो आजार जास्त’ अशी बातमी दिसली की एकच विचारा. जो आजारी पडला, त्याचं स्वतःचं मोजमाप कुणी घेतलं होतं का?