सबवूफररावांस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री सबवूफरराव यांसी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपली व माझी पहिली भेट गेल्या पंधरवड्यात एका दुकानाच्या वातानुकूलित दालनात झाली, आणि त्या भेटीत आपण कोण्या चित्रपटातला एक स्फोट असा काही ऐकवलात की माझ्या बरगड्यांनी स्थलांतराचा विचार आरंभला. दुकानातला तरुण कृतार्थ मुद्रेने म्हणाला, "काका, बेस बघा!" मी भीतभीत विचारले, की याच पेटीतून डग्ग्याचा घुमारा ऐकावयास मिळेल काय, तेव्हा जप्तीचा हुकूम घेऊन आलेला कारकून देणेकऱ्याकडे ज्या करुणेने पाहतो, त्या करुणेने त्याने मजकडे पाहिले.

तथापि माझी गरज खरी आहे. माझा मुलूख म्हणजे बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक खोली, तीत एक साधा ॲम्प्लिफायर आणि पुस्तकांच्या कपाटावर बसलेले पाच इंची पडद्यांचे दोन स्पीकर. हे दोघे सज्जन आहेत, परंतु साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली त्यांचा उत्साह ओसरतो. आणि गवयाने काळी एकचा षड्ज धरला तर तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे 69 हर्ट्झवर, म्हणजे नेमकी त्यांच्या सरहद्दीवर, झंकारते. तिच्या पाठीशी कोणी उभे राहावे, एवढाच माझा अर्ज.

पण साहाय्यास बोलावलेल्या फौजेविषयी आम्हां मराठी माणसांच्या मनात एक जुने भय आहे. 1802 साली वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेतली, ती गादी राखण्यासाठी. पुढे गादीचे काय झाले हे आपणांस सांगावयास नको. म्हणून आपली नेमणूक करण्यापूर्वी कौलनामा लिहून घेणे मला अगत्याचे वाटते.

आपल्या घराण्याच्या दोन शाखा आहेत. एकीच्या पेटीस वारा खेळण्याजोगे छिद्र असते. ती तितक्याच विजेत अधिक गरजते, परंतु ठरावीक स्वराच्या खाली एकाएकी अंग टाकते. दुसरी शाखा बंदिस्त पेटीची. ती मितभाषी असून खाली हळूहळू उतरते, आणि लहान खोली स्वतःच मंद्र स्वरांस फुगवीत असल्यामुळे तिची उणीव बरीचशी भरून निघते. माझी पसंती हिला. छातीवर लावलेल्या वॅटांच्या बिल्ल्यांनी मी दिपणार नाही. शक्ती दुप्पट केली तरी आवाज केवळ 3 डेसिबलनी चढतो, आणि पीएमपीओ नावाच्या आकड्यांनी एकेकाळी आमच्या घरोघरच्या डब्यांना ज्या हजारोंच्या मनसबी बहाल केल्या होत्या, त्या आम्ही अद्याप विसरलेलो नाही. माझ्या ॲम्प्लिफायरास आपल्यासाठी वेगळे दार नाही, म्हणून स्पीकरच्या तारांवरून संदेश घेण्याची सोय आपल्या अंगी असलीच पाहिजे. आपला अंमल सत्तर हर्ट्झच्या आसपास संपेल. त्यावर चढलात तर आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतो हे कानास कळू लागते, आणि गवयाचा गळा एकीकडे व छाती दुसरीकडे असा देखावा उभा राहतो.

राहता राहिला आसनाचा प्रश्न, आणि तो नाजूक आहे. माझ्या खोलीच्या लांबीत सुमारे 47 हर्ट्झचा स्वर कोंडला जातो. भिंतीशी तो माजतो आणि मध्यावर, जेथे माझी आरामखुर्ची आहे, तेथे जवळजवळ नाहीसा होतो. यावर जाणकारांनी सांगितलेला उपाय असा, की प्रथम आपणांस ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवावे आणि ऐकणाऱ्याने भिंतीच्या कडेने रांगत, कान जमिनीलगत ठेवून, मंद्र स्वर कोठे समतोल लागतो ते शोधावे. जेथे तो सापडेल, तेथे आपली स्थापना करावी. शास्त्र निर्दोष आहे, कारण ध्वनीस जाण्याची व येण्याची वाट सारखीच. पण आपण खुर्चीत विराजमान आणि घराचा धनी चार पायांवर, हे दृश्य पाहून तैनाती फौजेची आठवण कोणास होणार नाही? खुर्ची मात्र मध्यापासून हातभर मागे सरकवण्यास मी राजी आहे.

सरकार दरबारी आपले वजन मोठे आहे, हेही मी जाणून आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीस रात्री दहानंतर 45 डेसिबलांची मर्यादा घातली. परंतु ज्या ‘ए’ भारांकनाने ती मोजली जाते, ते 31.5 हर्ट्झच्या स्वरातून सुमारे 39 डेसिबल वजा करते. म्हणजे आपण त्या स्वरात 80 डेसिबलांनी गर्जलात, तरी दप्तरी नोंद 41 ची होईल व आपण निर्दोष सुटाल. खालच्या मजल्यावरच्या आजी मात्र कोणत्याही भारांकनाशिवाय झोपतात. तेव्हा रात्री दहानंतर आपली फौज छावणीत राहील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक भावी यजमान

ता. क. – हा मजकूर वाचून मंडळींनी एक कलम स्वहस्ते वाढविले आहे. आपल्या माथ्यावर क्रोशाचा रुमाल व त्यावर पितळी फुलदाणी राहील; फुलदाणी बोटभर जरी सरकली, तरी नेमणूक रद्द समजावी.