लॉसलेसराव

कोथरूडमधल्या कुठल्याही सोसायटीत चौकशी करा, एक लॉसलेसराव सापडतोच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, हाताशी व्हीआरएसचा पैसा, आणि गुडघ्यांच्या आधी स्पीकर बदलून घ्यायची वृत्ती. खरं नाव दारावरच्या पाटीवर असतं. बिल्डिंगमध्ये ते कोणी वापरत नाही.

त्यांच्याकडे गेलं की पाहुण्याला खुर्ची मिळत नाही, 'स्वीट स्पॉट' मिळतो. "तिथे नको, इथे बसा. जरा मागे. मान सरळ." दोन स्पीकर आणि पाहुण्याचं डोकं यांचा समभुज त्रिकोण जमल्याशिवाय वहिनींना चहा आणायची परवानगी नसते. त्रिकोण जमतो. तंबोरा सुरू होतो. दहा-बारा सेकंद वाजतो आणि बंद.

"काय ऐकू आलं?"

"तंबोरा."

"तंबोरा काय कोणालाही ऐकू येतो हो! तंबोऱ्याभोवतीची हवा ऐकलीत का?"

मग तोच तंबोरा दुसऱ्या ॲपवर, मग तिसऱ्या. मल्लिकार्जुन मन्सूर आता तोंड उघडणार, एवढ्यात परत पहिलं ॲप. या घरात माझं वर्षानुवर्षांचं जाणं-येणं आहे, पण मन्सूरांनी षड्ज लावलेला मी तिथे अजून ऐकलेला नाही.

लॉसलेसरावांचं सगळं आयुष्य आकड्यांत आहे. सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला 1,411 किलोबिट. ॲपवरचं नेहमीचं 'उत्तम' गाणं 320 चं. मधलं कुठे गेलं? कानाला कळणार नाही असं समजून यंत्राने गाळून टाकलं. "कोणाच्या कानाला विचारून?" असा त्यांचा सवाल असतो, आणि तो अगदीच गैर नाही. पण मग ते 24 बिट आणि 192 किलोहर्ट्झवर जातात. माणसाचा कान तरुणपणी फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो, सीडी 22,050 पर्यंत पुरते, आणि साठीनंतर वरचा मजला बहुतेकांचा रिकामाच झालेला असतो. हे मी एकदा बोललो. ते शांतपणे म्हणाले, "ऐकू येत नाही हो, जाणवतं." यावर काय बोलणार?

स्पॉटिफायने फेब्रुवारी 2021 मध्ये जाहीर केलं की आम्ही लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, देणार. त्याच वर्षी जूनमध्ये ॲपल म्युझिकने जादा पैसे न घेता देऊनही टाकलं. कोणीही शहाणा माणूस तिकडे गेला असता. लॉसलेसराव दोन्हीकडे राहिले. स्पॉटिफायचं लॉसलेस यायला 2025 चा सप्टेंबर उजाडला, तोवर त्यांनी दर महिन्याला वर्गणी भरली आणि दर महिन्याला "सोडतो हे" म्हणून जाहीर केलं. शिवाय पॅरिसचं कोबझ हे ॲप. त्याने भारतात दुकान मांडलेलं नाही, म्हणून ते फ्रँकफर्टच्या भाच्याच्या नावावर. भाचा स्वतः यूट्यूबवर ऐकतो.

एवढं करून रात्री वहिनींची झोपमोड नको म्हणून ते कानाला लावतात ब्लूटूथचे हेडफोन. नेहमीच्या ब्लूटूथवरून लॉसलेस जातच नाही, हवेत सोडण्याआधी आवाज पुन्हा आवळला जातो. म्हणजे देवगडहून हापूसची पेटी मागवायची आणि दारातच मिक्सरमधून काढून आत घ्यायची. हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून तपकीर गल्लीत पायपीट करून त्यांनी एक चिमुकला डॅक आणला आहे, आकड्यांचा आवाज करून देणारा, आणि वायरवाले हेडफोन. ते दोन्ही कपाटात आहेत. वायर पंख्याच्या वाऱ्याने हलते, त्याचा आवाज येतो म्हणतात.

मुलीने एकदा परीक्षा घेतली. बाबांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली, दोन ॲपवर एकच चीज आलटून पालटून लावली आणि कुठलं महागडं ते ओळखायला सांगितलं. आम्ही सगळे हसायच्या तयारीत बसलो होतो. पठ्ठ्याने दर वेळी बरोबर ओळखलं! ओढणी सोडताना चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मुलीच्या लग्नातही नव्हतं. नंतर मुलीच्या लक्षात आलं की स्वस्तातल्या ॲपवर सगळी गाणी एका पातळीवर आणणारी सोय चालू होती, महागड्यावर बंद. महागडं किंचित मोठ्याने वाजत होतं, आणि किंचित मोठं ते कानाला नेहमीच सरस वाटतं. आवाज सारखा करून परीक्षा पुन्हा घेऊ म्हटल्यावर बाबांना बँकेत काम निघालं. रविवार होता.

डिसेंबरात स्पॉटिफाय वर्षाचा हिशेब देतं. तिथे 30 सेकंदांच्या आत बंद केलेलं गाणं ऐकलं असं धरलंच जात नाही. स्पॉटिफायवर लॉसलेसरावांचं कुठलंही गाणं 30 सेकंदांना पोचत नाही. त्यामुळे मन्सूर नाहीत, किशोरीताई नाहीत, वर्षभर तासलेली ईगल्सची 1994 ची 'हॉटेल कॅलिफोर्निया'सुद्धा नाही (इंग्रजी गाण्यांशी या गृहस्थांचा एवढाच संबंध, सुरुवातीच्या ढोलासाठी जगभरचे लॉसलेसराव ती लावतात). अहवालात पहिलं आलं 'बेबी शार्क'. नातू गाणी पूर्ण ऐकतो.

इथवर हसून झालं. पण आवाजाच्या नादात ते जी दुसरी तक्रार तोंडी लावण्यापुरती करतात, ती माझ्या मते सोळा आणे खरी आहे: कॅटलॉग. दहा कोटी गाणी असल्याची जाहिरात असते, आणि मराठी माणसाला हवं ते त्यात असलं तरी सापडत नाही. 'ज्ञानेश्वर' रोमन लिपीत डी-एन-वायने लिहायचं, जी-वायने की जे-एनने, यावर अभंग मिळणं न मिळणं अवलंबून. 'कट्यार' शोधा, 2015 चा सिनेमा पुढे येतो. 1967 च्या नाटकातले वसंतराव देशपांडे मागून. गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा 56 गाणी अनेक गळ्यांत वाटलेली होती, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके. ॲपवर चटकन हाती लागतं ते एकट्या बाबूजींचं, म्हणजे सुधीर फडक्यांचं. ते थोरच, पण ते नंतरचं. आणि 2019 मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं, तेव्हा परवान्याच्या वादात सारेगामाची, म्हणजे जुन्या एचएमव्हीची गाणी तिथून गेली, ती 2020 मध्ये परतली. मराठी भावगीताचा अर्धा संसार ज्या कंपनीकडे, तीच नसेल तर 192 किलोहर्ट्झ घेऊन करायचं काय?

अब्दुल करीम खाँसाहेबांची 78 फेऱ्यांची तबकडी म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. तीच तेवढी लॉसलेसराव शेवटपर्यंत ऐकतात, तीही 24 बिटमध्ये. वर म्हणतात, "खरखर बघा किती स्वच्छ येते!"

अलीकडे मीच त्यांना कॅटलॉगच्या कामाला लावलं. एका सेवेवर तुकोबांच्या अभंगाखाली गीतकाराचा रकाना कोरा होता. लॉसलेसरावांनी सविस्तर पत्र लिहिलं, खाली पूर्ण नाव, हुद्दा, 'निवृत्त' वगैरे. दोन-तीन महिने काहीच नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच माझ्या दारात, हातात मोबाइल.

"दुरुस्ती केली त्यांनी."

मी बघितलं. गीतकाराच्या रकान्यात तुकोबा नव्हते. खुद्द यांचं नाव होतं, आडनावासकट.

"अहो, मग लगेच कळवा त्यांना!"

"कळवणार ना. आज रात्रीच कळवतो," ते म्हणाले. "आधी हे भाच्याला कसं पाठवायचं तेवढं दाखवा."