मेक्सिको-रिटर्न काका

अमेरिकेहून परतलेले काका ठाण्यातल्या खोपटात आता पैशाला पासरी झालेत. सध्या भाव आहे तो मेक्सिको-रिटर्न काकांना. मुलाचं सॉफ्टवेअरचं काम ग्वादालाहाराला, नातवाला सांभाळायला काका-काकू सहा महिने तिकडे; एवढ्या भांडवलावर पुढची सहा वर्षं आरामात निघतात.

काका लिफ्टमध्ये 'ब्वेनोस दियास' म्हणतात. कुणी शिंकलं की 'सालूद', कुणी जेवत असलं की 'प्रोवेचो'. तिकडे अनोळखी माणसंही असंच बोलतात, ही रीत गोडच आहे. पण तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ हल्ली जिन्याने जातात.

उच्चारांबाबत ते भलतेच कडक. स्पॅनिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार ह, आणि 'एच' मुका. त्यामुळे जोशी तिथे होशी होतात आणि खोपटचं कोपात. हे ते मिसळीचा रस्सा निवेपर्यंत समजावतात. तिथे आडनावं दोन, आधी वडिलांचं, मग आईचं. लग्नानंतरही बाईचं आडनाव बदलत नाही. पाळणाघराच्या फॉर्मवर काकूंनी चाळीस वर्षांनी माहेरचं आडनाव लिहिलं, तेही ठसठशीत.

खरी परीक्षा जेवणाची. काकांनी 'कार्ने नको' हे वाक्य पाठ केलं होतं. ताटात कोंबडी आली. कार्ने म्हणजे मुख्यतः गुराचं मांस. कोंबडी त्या वाढप्याच्या लेखी बहुधा भाजीच असावी. मग काका फ्रिहोलेसवर, म्हणजे घेवड्याच्या उसळीवर आले. दोन आठवडे मिटक्या मारून झाल्यावर तिच्यातल्या 'मांतेका'चा अर्थ कळला: डुकराची चरबी.

हा प्रसंग काका सांगत नाहीत. काकू सांगतात.

त्यानंतर ओटा काकूंच्या ताब्यात गेला. स्पॅनिश शून्य, पण तोर्तियाच्या दुकानात किलोचा भाव त्या बोटांवर ठरवत. तोर्तियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, हे कळल्यावर म्हणाल्या, "आपल्याकडे माणसांना लावतात, इथे मक्याला!" 'हमाइका' नावाचं लाल सरबत म्हणजे अंबाडीची बोंडं, हे त्यांनी एका घोटात ओळखलं. नोपाल, म्हणजे निवडुंगाची कोवळी पानं, काटे काढून डाळीत घातली. शेजारणीने डबा पुसून परत केला.

काकांनी मात्र संशोधन केलं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, मेक्सिकोतल्या चापिंगोच्या शेतकी संस्थेत प्राध्यापक होते, मक्यावर त्यांनी काम केलं, दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. 2022 साली चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. काका हे अशा थाटात सांगतात, जणू खानखोजे त्यांचे आतेभाऊ.

त्यांचा लाडका शब्द 'आओरीता'. अर्थ 'आत्ता', म्हणजे पाच मिनिटांत, संध्याकाळी किंवा कधीच नाही. परवा खोपटच्या एसटी स्टँडवर त्यांनी खिडकीत विचारलं, "गाडी कधी लागणार?"

"लागेल आत्ता."

काका रांगेकडे वळले आणि या शब्दाचं विवेचन सुरू झालं. सव्वा तासाने गाडी लागली. ती हलली तेव्हा काकू खिडकीशी जागा धरून बसल्या होत्या आणि काका खालीच होते.