निवडक मॅडोना

'द इमॅक्युलेट कलेक्शन' हा गाजलेल्या गाण्यांचा पहिला संग्रह नोव्हेंबर 1990मध्ये निघाला, तेव्हा मॅडोना 32 वर्षांची होती. पहिला अल्बम येऊन जेमतेम 7 वर्षं झालेली. आपल्याकडे गौरवग्रंथ निघायचा तर माणसानं निदान साठी गाठावी लागते, गुडघ्यांनी कुरकुरावं लागतं, सत्काराची शाल खरोखरच उबदार वाटावी लागते. पॉपच्या दुनियेत वय निराळ्या घड्याळावर मोजत असावेत. गाणारी अजून ऐन भरात असते आणि तिच्या आठवणी मात्र वेष्टनात बांधून तयार!

संग्रहात 17 गाणी. त्यातली 15 गाजलेली, आणि शेवटची दोन अगदी कोरी करकरीत. म्हणजे गाजण्याआधीच त्यांना मानाच्या पंगतीत पाट मांडलेला. उलट 1987मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं 'हूज दॅट गर्ल' बिचारं दाराबाहेर. अन्याय म्हणावा, तर कोऱ्यांपैकी 'जस्टिफाय माय लव्ह'नं पुढच्याच जानेवारीत पहिला क्रमांक पटकावून निवडणाऱ्यांची लाज राखली. (त्याचा व्हिडिओ दाखवायला एमटीव्हीनं नकार दिला होता, मग तो दुकानात विकायला ठेवला आणि लोकांनी आवडीनं घरी नेला.) अव्वल गाण्यांचा हा संग्रह स्वतः मात्र अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापुढे कधी सरकला नाही.

सगळं एका सीडीत मावायला हवं, म्हणून कात्रीही चालली. पहिल्या अल्बमवर 6 मिनिटं रमणारं 'हॉलिडे' इथं 4 मिनिटांत आटोपतं. क्यूसाउंड नावाच्या नव्या तंत्रानं आवाजाला खोली दिली आहे. डोळे मिटून ऐकलं, तर एखादा ताल कानामागून चोरपावलांनी येतो. पण मला जास्त ऐकू येतं ते दोन गाण्यांमधलं रिकामपण. 'ला इस्ला बोनिता' संपतं आणि 'ट्रू ब्लू' अल्बमवर वाढलेला कान सवयीनं 'जिमी जिमी'ची वाट पाहतो. मिथुनच्या सिनेमातलं नव्हे, हे मॅडोनाचं, साधंसुधं, कुठल्याही यादीत न बसणारं. ते येत नाही. थेट 'लाइक अ प्रेअर' सुरू होतं, भव्य, समूहगानासह, आणि तरीही क्षणभर आपण त्याच्याकडे परक्यासारखे बघत राहतो. न गाजलेल्या गाण्यांवर आपला जीव असा का जडतो कोण जाणे; बहुधा त्यांना आपल्याखेरीज फारसं कुणी नसतं म्हणून.

'हूज दॅट गर्ल'ची सोय पुढे लागली. 2009मध्ये 'सेलिब्रेशन' नावाचा दोन सीडींचा नवा संग्रह निघाला, त्यात दुसऱ्या तबकडीवर त्याला जागा मिळाली. 1990च्या पंगतीत कोऱ्या पाटावर बसलेलं दुसरं गाणं, 'रेस्क्यू मी', या वेळी वगळलं गेलं.